वाचलं पीडीएफमध्ये, दाखवलं पुस्तकात

एम.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचं चार पानी पत्र आलं आहे. ती गावातून कॉलेजला रोज चाळीस किलोमीटर एसटीनं ये-जा करते. लघुप्रबंधाचा विषय आहे १८७५ चे दख्खनचे दंगे, म्हणजे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कुणब्यांनी सावकारांची खतं (कर्जरोखे) आणि वह्या जाळल्या तो उठाव. पहिलं प्रकरण तिनं मोबाइलवर वाचून लिहिलं. सरांनी ते परत केलं. समासात तांबड्या शाईनं लिहिलं होतं, ‘सगळं नेटवरचं. ग्रंथालय?’ शिवाय दोन जागी गोल केले होते. एक गोल ‘पारनेर तालुक्यातील सुपे’ या शब्दांभोवती. दुसरा संदर्भयादीतल्या एका पुस्तकाभोवती. ते नाव एआयनं सुचवलं होतं. तिनं नंतर शोधलं, तर असं पुस्तक कुठंच सापडेना.

मैत्रीण म्हणते, ‘घाबरतेस काय? लिंका काढ, त्या जागी पुस्तकांची नावं आणि पान नंबर घाल. कोण तपासतंय?’ मैत्रिणीनं स्वतः तेच केलं आणि तिला शाबासकी मिळाली. आता पत्रातलेच शब्द देते: ‘ताई, ग्रंथालय अकरा ते पाच आणि आमची शेवटची एसटी पावणेपाचला. पुस्तक मागितलं तर कपाटाची किल्ली नसते. जे घरबसल्या फुकट मिळतं त्यासाठी मी तिथं का जावं? मी दहा-बारा साइटी पाहिल्या, सगळीकडे तेच होतं, मग ते चुकीचं कसं? आणि मैत्रीण सांगते तसं केलं तर बिघडलं काय, माहिती तर तीच आहे ना?’

---

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी आधी देते, कारण मी तो उद्योग स्वतः करून बसले आहे.

मी एम.ए.ला होते तेव्हा नेट तर नव्हतंच, झेरॉक्ससुद्धा परवडत नव्हतं. प्रबंध भारदस्त दिसावा म्हणून मी एका जाड पुस्तकातल्या तळटिपा जशाच्या तशा उतरवून काढल्या. ती मूळ पुस्तकं मी डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी एका तळटिपेवर बोट ठेवलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, ‘पान ४१२. हे पुस्तक माझ्या घरी आहे. त्याला तीनशेसुद्धा पानं नाहीत.’ मूळ पान होतं २१४. ज्या पुस्तकातून मी उतरवलं त्याच्या छपाईत आकडे उलटे पडले होते. चूक कुठल्या तरी खिळे जुळवणाऱ्याची, पण त्या खोलीत मान खाली घालून बसले होते मी. पुढे बत्तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली, तरी तो आकडा डोक्यातून गेला नाही.

तेव्हा न वाचलेलं वाचलं म्हणून सांगायची खोड मोबाइलनं लावली, असं मला कुणी सांगू नये. ती कागदाच्या काळातही जोरात होती. तुझे सर ‘ग्रंथालय?’ असं विचारतात तेव्हा त्यांना वाटतं की कागदावरचं वाचलं की माणूस आपोआप काळजीपूर्वक वाचतो. तसं होत नाही. आणि तुला वाटतं की माहिती तीच असली तर ती कुठून आणली याला महत्त्व नाही. तेही तसं नाही.

मुळात ‘नेट’ आणि ‘ग्रंथालय’ अशी दोन घरं तू कल्पिली आहेस, पण तुझ्या विषयात ती दोन घरं नाहीतच. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा, म्हणजे इंग्रज सरकारनं छापलेल्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, पुणे जिल्ह्याचा अठरावा खंड तीन भागांत १८८५ मध्ये छापला गेला. तोच आज स्कॅन करून इंटरनेट अर्काइव्हवर फुकट ठेवलेला आहे. तू तो मोबाइलवर वाचलास तर तो नेटवरचा की पुस्तकातला? मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. आज सगळा विश्वकोश फोनवर उघडतो, आणि नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, संदर्भ असतात. केतकरांचा ज्ञानकोश तर शंभर वर्षांपूर्वीचा, तोही नेटवर आहे. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेवर आहेत. हे सगळं ‘नेटवरचं’ म्हणून बाद केलं तर उरेल काय? आणि उलट बाजूला, स्टँडसमोरच्या दुकानात मिळणारं गाइड चांगलं छापील, शिवलेलं असतं. त्याला पुस्तक म्हणून मान द्यायचा का?

सरांना खटकलं ते नेट नसावं, असा माझा अंदाज आहे. तुझ्या प्रकरणातल्या एकाही वाक्याला बाप दिसत नाही, हे त्यांना खटकलं. कोण म्हणालं, कधी म्हणालं, त्याला ते कसं कळलं, यातलं काहीच तिथं नाही. फक्त लिंका आहेत.

आता त्या दहा-बारा साइटी. यातल्या बहुतेक स्पर्धा परीक्षांच्या तयारीच्या असणार. या विषयावर एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकात एक चांगलं प्रकरण आहे, आणि असल्या साइटींवर मी त्याचीच वाक्यं पुढंमागं करून लावलेली पाहिली आहेत. १२ मे १८७५, सुपे, बाजाराचं गाव, वह्या आणि कर्जरोखे हिसकावून जाळले, उठाव नगरकडे पसरला, तीसहून जास्त गावं. एकानं बाराजणांना सांगितलं आणि ते बाराजण तुला भेटले, तर साक्षीदार एकच झाला. हे तपासायला अगदी सोपं आहे. त्या साइटींवरचं एखादं ठसठशीत वाक्य घे आणि प्रत्येक ठिकाणी शब्दांचा क्रम बघ. क्रम तोच, आकडा तोच, आणि आकड्याखाली कुणाचंच नाव नाही, असं दिसलं की समजायचं, ही उसनवारी आहे.

उसनवारीतलं चुकीचंच असतं असं नाही. एनसीईआरटीचं ते प्रकरण मी कुणालाही सुरुवातीला वाचायला देईन. पण तू एम.ए.ची विद्यार्थिनी आहेस. त्या पुस्तकानं ते कुठून घेतलं इथपर्यंत तरी तुला जायला हवं, आणि तिथं गेलीस की खरी गंमत सुरू होते.

बरंचसं घेतलेलं आहे सरकारी चौकशी आयोगाच्या अहवालातून. ‘डेक्कन रायट्स कमिशन’. १८७८ मध्ये तो ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. आता हा अहवाल म्हणजे अस्सल, जुना, जाडजूड कागद. सर खूश होतील. पण आयोगापुढचा एक मुख्य प्रश्न काय होता? सरकारचा शेतसारा जास्त होता म्हणून हे झालं का? आणि उत्तर काय निघालं? नाही, सावकारच कारणीभूत. सरकारनं नेमलेल्या आयोगानं सरकारला सोडलं आणि सावकाराला धरलं, यात आश्चर्य काय! १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा भाव चढला, सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली, मग भाव पडला आणि कर्जं आटली. त्याच सुमाराला जमिनीची फेरपाहणी होऊन शेतसारा वाढलेला. हा वाढीव शेतसारा अहवालाच्या निष्कर्षात आला की मवाळ होतो. म्हणजे कागद अस्सल असला तरी त्याला हितसंबंध असतात. साइटीला विचारायचा तोच प्रश्न अहवालालाही विचारायचा.

पुढे १९७२ मध्ये नील चार्ल्सवर्थ या इतिहासकारानं ‘मॉडर्न एशियन स्टडीज’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं, या दंग्यांचं महत्त्व फुगवून सांगितलं गेलं आहे. पटो न पटो, तुझ्या विषयावरचा इतका मोठा वाद तुझ्या प्रकरणात औषधालाही नाही, कारण तो त्या बारा साइटींवर नव्हता. हा लेखही नेटवरच आहे बरं का, पण कुलपात, पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. गूगलच्या पहिल्या पानावर फुकटचं वर येतं आणि कुलपातलं खाली जातं, आणि आपल्याला वाटतं की विषयावर एवढंच लिहिलं गेलं आहे.

ते कुलूप उघडायची सोय मात्र तुझ्या आवाक्यात असू शकते. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू आहे. तीस प्रकाशकांची तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं सरकारी विद्यापीठांना आणि संस्थांना त्यातून मिळतात. तुझं कॉलेज त्यात बसतं का, हे ग्रंथपालांना विचार. बसत नसेल तर विद्यापीठाच्या आवारात जाऊन लेख उतरवून घेता येतो का ते विचार. हे ‘विचार’ मी मुद्दाम दोनदा लिहिलं. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मुलं ग्रंथालयात वाय-फायसाठी यायची आणि समोर बसलेल्या माणसाला काही विचारायची नाहीत. आम्हीही उठून सांगायचो नाही, हा दोष आमचा.

सुप्याचं काय झालं तेही सांगते, कारण त्यात तुझी चूक अगदी माणसासारखी आहे. सुपे दोन आहेत. एक बारामती तालुक्यातलं. त्या काळी ते भीमथडी तालुक्यात मोडायचं, आणि दंगा तिथं झाला. दुसरं पारनेर तालुक्यात, पुणे-नगर रस्त्यावरचं, एमआयडीसीचं. तिथून रोज शेकडो गाड्या जातात म्हणून नेटवर तेच आधी समोर येतं. कुणीतरी घाईत फोटो चिकटवला असेल, तू तो तालुका उचललास. गॅझेटिअरमध्ये ‘भीमथडी’ हा शब्द वाचला असतास तर तिथल्या तिथं थबकली असतीस.

पण गॅझेटिअरमध्ये शोधायलाही एक युक्ती लागते. इंग्रजांनी पुण्याचं पूना केलं, सोलापूरचं शोलापूर, ठाण्याचं थाना, सावकाराचं सोवकार. आजचं स्पेलिंग टाकलंस तर यंत्र म्हणेल, काही नाही. म्हणून शोधायला बसण्याआधी वहीत प्रत्येक नावाची दोन-तीन जुनी रूपं लिहून घे. जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅनमध्ये तर अक्षर ओळखणारं यंत्र जोडाक्षरांवर सारखं अडखळतं. तिथं अनुक्रमणिका आणि शेवटची सूची बघून पानं उलटणं, हाच मार्ग.

आणि शब्द सापडला की त्या ओळीवर उडी मारून परत येऊ नकोस. मागचं एक पान, पुढचं एक पान वाच. अशा उड्यांतून मुलांनी आणलेली अवतरणं मी खूप पाहिली. लेखकानं आधी लिहिलेलं असतं, ‘असा एक समज आहे,’ आणि नंतर दोन परिच्छेद तो समज खोडून काढलेला असतो. मुलगा मधली ओळ उचलून आणतो आणि लेखकाच्या तोंडी नेमकं उलटं घालतो.

एआयनं दिलेल्या पुस्तकाबद्दल फार लिहीत नाही. ते नाव आजच्या आज यादीतून काढ. या यंत्राला पुस्तक माहीत असतं असं नाही. अशा विषयावरच्या पुस्तकाचं नाव साधारण कसं असेल, लेखक कसा असेल, प्रकाशक कोणता शोभेल, हे त्याला छान जमतं. तोंडी परीक्षेत अभ्यास न करता गेलेला हुशार मुलगा जसा ठोकून देतो, तसं. विषय समजून घ्यायला, इंग्रजी परिच्छेद सोपा करून घ्यायला, शोधायचे शब्द सुचवायला ते खुशाल वापर. पण त्यानं सांगितलेलं प्रत्येक पुस्तक आधी ग्रंथालयाच्या तालिकेत सापडलं पाहिजे. इन्फ्लिबनेटची ‘इंडकॅट’ ही विद्यापीठांच्या ग्रंथालयांची एकत्र तालिका आहे, तिथं बघ. लेख असेल तर त्या नियतकालिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका उघडून बघ. नाही सापडला तर नाही लिहायचा.

आता ग्रंथालयात का जावं? मी बत्तीस वर्षं तिथं बसले, म्हणून गळा काढून सांगणार नाही. तुझी तक्रार खरी आहे. आपल्याकडच्या कित्येक कॉलेजांत पुस्तकं जाळीच्या कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली रजेवर. चिठ्ठी भरायची, शिपायाकडे द्यायची, अर्ध्या तासानं ‘बाहेर गेलंय’ हे ऐकायचं. अशा ठिकाणी ‘शेजारच्या पुस्तकावर सहज नजर गेली’ वगैरे काही घडत नाही. ते मुक्तद्वार असलेल्या, म्हणजे वाचकाला स्वतः कपाटापाशी जाऊ देणाऱ्या ठिकाणीच घडतं. तिथं मात्र घडतं. दंग्यांवरचं पुस्तक काढताना बाजूला १८७६-७८ च्या दुष्काळाचं दिसतं, आणि डोक्यात येतं की खतं जाळली त्यानंतर दोन वर्षांच्या आत ही माणसं दुष्काळात सापडली. शोधपट्टीत ‘दंगे’ टाकून दुष्काळ हाती लागेलच असं नाही.

म्हणून रोज जाऊ नकोस. परवडणार नाही आणि उपयोगही नाही. दोन महिन्यांत तीन दिवस काढ आणि तयारीनं जा. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचं ग्रंथालय शेती, महसूल आणि जुने सरकारी अहवाल यांसाठी तुझ्या फार कामाचं आहे. जे नेटवर मिळतं ते घरी वाचून संपव आणि न मिळालेल्याचीच यादी घेऊन जा, दाखल क्रमांकासकट असेल तर उत्तम. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून ग्रंथालय उघडं आहे का, बाहेरच्या विद्यार्थ्यांना बसू देतात का, हे विचार. बायकांना एसटीचं तिकीट २०२३ पासून अर्धंच आहे, तेवढा तरी आधार आहे. फोटो काढू देत असतील तर प्रत्येक पुस्तकाचं पहिलं छायाचित्र मुखपृष्ठाच्या आतल्या पानाचं काढ, जिथं प्रकाशक आणि साल असतं. घरी आल्यावर ऐंशी फोटो आणि कुठलं पान कुठल्या पुस्तकाचं ते कळेना, हे रडगाणं मी दर वर्षी ऐकायचे.

मग मैत्रिणीचा सल्ला. माहिती तीच असली तरी तू जे विधान करतेस ते तेच राहत नाही. तळटीप म्हणजे ‘मी हे इथं पाहिलं’ असं सांगणं. पाहिलं नसेल तर तो इतिहासाच्या प्रबंधातला खोटा पुरावा झाला, आणि खोटे कागद हा तर तुझ्या विषयाचाच गाभा आहे. अडाणी कुणब्याला वाचता न येणाऱ्या खतावर अंगठा उठवायला लावायचे, ही त्या वेळची मोठी तक्रार होती. त्यावर प्रबंध लिहिताना आपण न वाचलेल्या पानावर सही करायची?

त्याची गरजही नाही. खरं सांगायची सोय संदर्भपद्धतीत आहेच. मूळ पुस्तक हाताशी आलं नाही आणि त्यातलं अवतरण दुसऱ्याच्या पुस्तकात मिळालं, तर मूळ लेखकाचं नाव देऊन ‘अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत, पान इतकं’ असं लिही. स्कॅन केलेलं गॅझेटिअर वाचलं असेल तर खंड, भाग, साल आणि छापील पान क्रमांक दे. पीडीएफच्या पट्टीवर दिसणारा आकडा देऊ नकोस, तो मुखपृष्ठापासून मोजतो आणि दहा-वीसनं चुकतो. मजकूर नव्यानं टाइप करून वेबपानावर टाकलेला असेल आणि पान क्रमांकच नसेल, तर तसं स्पष्ट लिही आणि पाहिल्याची तारीख दे. विकिपीडिया वाचायला हरकत नाही, पण तिथल्या तळटिपांपर्यंत जा आणि त्या संदर्भांतलं उघडून वाचलेलं तेवढंच यादीत घाल.

मैत्रिणीला शाबासकी मिळाली याचं तुला वाईट वाटतंय, ते तू पत्रात दोनदा लिहिलंस. वाटणारच. मला यावर काही उतारा सुचत नाही. कधी कधी खरंच कुणी तपासत नाही.

सरांकडे जाशील तेव्हा ‘सर, आजकाल सगळेच नेट वापरतात’ अशी सुरुवात करू नकोस. दुरुस्त केलेली चार पानं घेऊन जा, सुप्याचा तालुका बदललेला दाखव, आणि सांग की एका पुस्तकाचं नाव मी न तपासता घातलं होतं, ते काढलं. मग विचार, ‘गॅझेटिअर मी स्कॅनवरून वाचलंय, छापील पानं दिली आहेत, चालेल ना?’ चालेल म्हणतील. नाहीच म्हणाले तर ग्रंथालयातली छापील प्रत काढून तीच पानं ताडून बघ. एका दुपारचं काम आहे, पान क्रमांक तेच निघतील.

पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलंस की घरी पणजोबांच्या ट्रंकेत मोडीतले काही कागद आहेत आणि वडील ते लॅमिनेट करून घेणार आहेत. त्यांना आजच फोन कर आणि थांबव. लॅमिनेशननं कागद कायमचा बाद होतो, प्लास्टिक आणि कागद पुन्हा वेगळे करता येत नाहीत. कोरड्या जागी, साध्या सुती कापडात ठेवा, घडी पडलेली असेल तर जोर लावून उलगडू नका, आणि मोबाइलवर उजेडात फोटो काढा. मोडी वाचणारा माणूस नंतर मिळेल. त्यात खतं निघाली तर मला जरूर कळव.

आणि पुण्याला जाताना विभागप्रमुखांचं शिफारसपत्र घे. त्यावर सहीबरोबर कॉलेजचा शिक्काही हवा. नुसती सही घेऊन लांबून आलेल्या किती मुलांना मी परत पाठवलं आहे, मोजदाद नाही.